चार डॉक्टर असताना पाचवा फिजिशियन कशाला, आणि नागपुरात तो निवडायचा कसा?

तुम्ही पाठवलेली औषधांची यादी मी आधी वाचली, प्रश्न नंतर. परिस्थिती थोडक्यात अशी: वडील ६८ वर्षांचे, मानेवाड्याला आईसोबत राहतात, तुम्ही पुण्यात नोकरीला. अठरा वर्षांपासून डायबेटिस, बीपी, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी, थायरॉईड, गुडघेदुखी, आणि आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, १.९. हृदयाचे, शुगरचे, किडनीचे आणि हाडांचे असे चार डॉक्टर, चार फायली, रोजच्या तेरा-चौदा गोळ्या. घरचे म्हणतात एखादा चांगला फिजिशियन, म्हणजे एका अवयवाचा नाही तर सगळ्या आजारांचा एकत्र विचार करणारा डॉक्टर, गाठा. तो कसा निवडायचा, आणि मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमधला घ्यायचा की धंतोलीतल्या क्लिनिकमधला, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी स्वतः फिजिशियन आहे आणि नागपुरातच प्रॅक्टिस करतो. म्हणजे या उत्तरात माझा थोडा स्वार्थ आहेच, तो हिशेबात धरून वाचा.

निवडीचं बोलण्याआधी दोन गोष्टी, कारण त्यांना नवा डॉक्टर सापडेपर्यंत थांबता येणार नाही. ६८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.९ असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, साधारण ३८ येते. या पातळीवर मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा डोस दिवसाला एक ग्रॅमच्या वर सहसा ठेवत नाहीत, आणि ३० च्या खाली ते बंदच करतात. बाबा एक ग्रॅमची गोळी दोनदा घेतात. दुसरी गोष्ट गुडघ्यासाठीची ॲसिक्लोफेनॅक. ती टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड या दोन्हींच्या जोडीला चालू आहे. बीपीची ही गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक, हे तिन्ही एकत्र आले की किडनीचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. उद्या सकाळी किडनीच्या डॉक्टरांकडे फोन करून या दोन औषधांबद्दल सरळ विचारा. बाकी कशालाही, खास करून हृदयाच्या गोळ्यांना, स्वतःहून हात लावू नका.

आता यादीकडे पुन्हा येतो, कारण फिजिशियन कशासाठी लागतो हे तीच सांगते. हृदयाच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी दिली आहे. किडनीच्या डॉक्टरांकडे बीपी जास्त निघालं तेव्हा त्यांनी ॲम्लोडिपिन लिहिली, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची. म्हणजे बाबा दोन नावांनी एकच औषध घेतात. कोलेस्टेरॉलचंही तेच. अँजिओप्लास्टीनंतरच्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत ॲटोर्वास्टॅटिन आहेच, आणि शुगरच्या डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन वेगळी दिली आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, आणि तिच्यासोबतच हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम. या दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगाला लागतच नाही, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, वाढलेला दिसतो आणि कोणीतरी डोस वाढवतो.

पण माझं लक्ष अडकलं ते पायावरच्या सुजेवर. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी घोट्यांवर सूज आली म्हणून टॉर्सेमाइड सुरू झाली, मग युरिक ॲसिड वाढलं म्हणून फेब्युक्सोस्टॅट. आता ॲम्लोडिपिनचा डोस जास्त झाला की घोटे सुजतात, हे अगदी नेहमीचं आहे. ती सूज पाणी साचल्यामुळे येत नाही, म्हणून लघवीच्या गोळीने फारशी उतरतही नाही. लघवीच्या गोळीने मात्र युरिक ॲसिड वाढतं, आणि शरीरातलं पाणी कमी झालं तर क्रिएटिनिनही वर सरकतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत असंच झालंय असं मी इथे बसून ठामपणे म्हणणार नाही. किडनी आणि हृदय दोन्ही नाजूक असलेल्या माणसाची सूज खरोखर पाण्याचीही असू शकते. पण सूज आल्याच्या दिवशी हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही, कारण ज्यांच्यासमोर सूज दाखवली त्यांच्यासमोर दोन्ही ॲम्लोडिपिन एकत्र आल्याच नाहीत.

चौघांपैकी प्रत्येकाने आपल्या खोलीत बसून योग्यच लिहिलंय. चार जणांनी आपापल्या अंदाजाने मीठ टाकलेल्या भाजीचं जे होतं, ते या यादीचं झालंय. म्हणून फिजिशियन निवडताना माझ्या मते एकच गोष्ट खरी पाहायची: हा माणूस सगळ्या गोळ्यांचा हिशेब स्वतःच्या अंगावर घेतो का, आणि त्यातली एखादी काढून टाकायची त्याची तयारी आहे का. पदवी, अनुभव, हॉस्पिटलचं नाव हे सगळं त्यानंतर.

पदवीचं चटकन सांगून टाकतो. एमडी (मेडिसिन) किंवा डीएनबी (जनरल मेडिसिन) यांपैकी काहीतरी हवं. एमबीबीएसनंतरचं ते तीन वर्षांचं शिक्षण आहे. पाटीवर नुसतं ‘एमडी’ असेल तर कशात, ते विचारा. फार्माकॉलॉजीतलाही एमडी असतो, आयुर्वेदातलाही असतो. ‘डायबेटॉलॉजिस्ट’ या पाटीमागे पूर्ण एमडी मेडिसिन झालेला डॉक्टर असू शकतो किंवा एमबीबीएसनंतर छोटा सर्टिफिकेट कोर्स केलेलाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असणं बंधनकारक आहे, आणि त्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधून पाहायला दोन मिनिटं लागतात. एवढं झालं की पदवीचा विषय संपला. भिंतीवरच्या परदेशी परिषदांच्या प्रमाणपत्रांनी बाबांच्या किडनीला काही फरक पडत नाही. इंटरनेटवरच्या चांदण्यांनीही नाही. त्या मी अधूनमधून वाचतो. बहुतेक तक्रारी पार्किंगच्या आणि रिसेप्शनवरच्या मॅडमच्या असतात, बहुतेक कौतुक ‘स्वभाव खूप चांगला’ एवढ्यावर थांबतं. पाच वर्षांत क्रिएटिनिन किती सरकलं, हे तिथे कोणी लिहीत नाही.

प्रत्येक वेळी फिजिशियननेच सूत्रं हाती घ्यावीत असंही नाही. ईजीएफआर ३० च्या खाली गेला, किंवा काही महिन्यांतच भराभर उतरायला लागला, तर नेफ्रॉलॉजिस्टने पुढे व्हावं. हृदयाचं पंपिंग कमी होऊन दर दोन महिन्यांनी भरती करायची वेळ येत असेल तर कार्डिओलॉजिस्टने. डायलिसिस, किडनी प्रत्यारोपण, कॅन्सरची औषधं, ल्युपससारखा आजार, यात फिजिशियन मदतनीस असतो. तुमच्या बाबांचं आज तसं नाही. त्यांना चार आजार मध्यम आहेत आणि एकही आजार एकटा नाही. नेमकं हेच आमचं काम आहे.

आता कॉर्पोरेट की क्लिनिक. रामदासपेठ-धंतोलीत फिरलं तर एका गल्लीत दहा पाट्या दिसतात, त्यामुळे माणूस गोंधळतो. कॉर्पोरेट हॉस्पिटलची जमेची बाजू म्हणजे सगळे रिपोर्ट एका कॉम्प्युटरवर, आयसीयू आणि अँजिओग्राफीची कॅथलॅब त्याच इमारतीत. उणी बाजू म्हणजे डॉक्टर बदलतात. आज तिथे असलेला फिजिशियन पुढच्या वर्षी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेलेला असतो, फाईल मात्र तिथेच राहते. क्लिनिकमध्ये उलट. डॉक्टर वीस-वीस वर्षं त्याच खुर्चीत असतो, बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसापर्यंत सगळं त्याला माहीत असतं. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर क्लिनिक बंद. म्हणून क्लिनिकवाल्याला पहिल्याच भेटीत विचारा, ‘सर, इमर्जन्सी आली तर तुम्ही कुठे भरती करता, आणि तिथे तुम्ही स्वतः येता का?’ ज्याचं उत्तर एका वाक्यात येतं, तो चालेल. त्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिसची आणि अँजिओग्राफीची सोय आहे का, हेही विचारून घ्या. तुमच्या बाबांना दोन्हींची गरज कधीही पडू शकते. आणि डॉक्टर सुटीवर गेले की कोण पाहतं? यावर ‘मी सुटी घेतच नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी सावध होईन.

तुम्ही न विचारलेला तिसरा पर्यायही आहे. मेडिकल, म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, दुसरं शासकीय महाविद्यालय म्हणजे मेयो, आणि आता मिहानमधलं एम्स. खर्चाचा ताण असेल तर हे पर्याय आधी पाहा. तिथले शिक्षक उत्तम असतात, आणि गुंतागुंतीची केस पाहायला त्यांना मनापासून आवडतं. अडचण एवढीच की गर्दी खूप, आणि दर वेळी वेगळा रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकत असलेला डॉक्टर, भेटतो. यावर एक उपाय आहे, तो फार लोकांना ठाऊक नसतो. मेडिकल-मेयोत मेडिसिन विभाग युनिटमध्ये वाटलेला असतो आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्या भेटीच्या कार्डावर युनिट पाहून ठेवा आणि दर वेळी त्याच वारी जा. रेसिडेंट बदलले तरी युनिटप्रमुख तेच राहतात. गावाकडून येणारे लोक जमेल त्या वारी येतात, आणि दर खेपेला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगत बसतात.

अंतराचा विचार लोक कमी करतात. चंद्रपूर, गोंदिया, बालाघाटहून पेशंट येतात तेव्हा मी त्यांना आधी विचारतो की गावात तुमचं कोण आहे. त्यांच्याजवळ बीपी तपासणारा, जुलाब झाले तर सलाईन लावणारा एक एमबीबीएस हवाच. तुमचं घर मानेवाड्यात आहे, तिथून धंतोली काही लांब नाही. पण बाबा ॲक्टिव्हावर येणार की आई रिक्षा करून आणणार, क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे की नाही, याने वर्षभरात किती भेटी होतील ते ठरतं. शहरातल्या सर्वात नावाजलेल्या फिजिशियनकडे सहा महिन्यांतून एकदा जाण्यापेक्षा दहा मिनिटांवरच्या, जरा कमी नावाच्या डॉक्टरकडे दर दीड महिन्याने जाणं बाबांसाठी जास्त फायद्याचं आहे.

पहिल्या भेटीची तयारी अशी करा. यादी लिहून नेऊ नका, गोळ्यांच्या पट्ट्या न्या. सगळ्या. कपाटातल्या, देवघराशेजारच्या डब्यातल्या, बंद केलेल्याही. सोबत आयुर्वेदिक चूर्ण, कोणीतरी दिलेली भस्मं, ‘किडनी साफ करणारी’ पावडर, आणि बीपीसाठी म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ असेल तर तेही. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनी कमजोर असताना टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ही गोष्ट यादीत कधीच नसते, कारण मीठ हे औषध आहे असं कोणाला वाटत नाही. जुन्या रिपोर्टांमधून क्रिएटिनिनचे आकडे काढून तारखेप्रमाणे एका कागदावर ओळीने लिहा. आजच्या १.९ पेक्षा दोन वर्षांपूर्वी ते किती होतं, हे आम्हाला जास्त सांगून जातं. आठवडाभराचं घरचं बीपी आणि शुगर. बस.

मग पिशवी टेबलावर ओता आणि डॉक्टर काय करतात ते पाहा. काही जण पिशवीकडे न पाहता रिपोर्ट मागतात. काही जण पट्ट्या बाजूला सारतात आणि सगळंच नवीन लिहून देतात. पहिल्याच भेटीत सगळ्या औषधांची नावं बदलली, आणि नवी नावं फक्त खालच्याच मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात असं निघालं, तर पुढची भेट ठरवू नका. तुम्हाला हवा असलेला डॉक्टर पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरातली औषधांची मूळ नावं वाचतो, दोन पट्ट्या शेजारी ठेवतो आणि विचारतो, ‘ही कोणी दिली? कशासाठी दिली होती? अजून लागते का?’ क्लोपिडोग्रेलबद्दल तो स्वतः निर्णय घेणार नाही. अँजिओप्लास्टीला तीन वर्षं झाली, आता दोन्हींऐवजी एकच रक्त पातळ ठेवणारी गोळी पुरेल का, हे तो कार्डिओलॉजिस्टला फोन करून विचारेल. तुमच्यासमोर केलेला तो एक फोन मला पाटीवरच्या कोणत्याही अक्षरांपेक्षा जास्त सांगतो.

तो यादीत काय नाही, हेही पाहील. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांमध्ये लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कुठेच दिसली नाही. क्रिएटिनिन वाढण्याच्या बऱ्याच आधी ही तपासणी किडनीचं दुखणं दाखवते, आणि डायबेटिसमध्ये ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे तर बी१२ पाहिलंय का? डोळ्यांच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली? आणि डायबेटिस, हृदय, किडनी या तिन्हींना एकाच वेळी उपयोगी पडणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी एकही औषध चालू नाही, हे मला खटकलं. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते बऱ्याच कंपन्यांचं आणि स्वस्त मिळतं. कदाचित न देण्याला काही कारण असेल, लघवीच्या जागी वारंवार होणारं फंगल इन्फेक्शन वगैरे. पण ते कारण कोणाला तरी माहीत असायला हवं. चांगला फिजिशियन तीन गोळ्या काढतो आणि एक घालतो, आणि दोन्हींची कारणं सांगतो.

हाताने तपासतो का, तेही पाहा. बीपी बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा घेतलं का? जुन्या डायबेटिसमध्ये उभं राहिल्यावर बीपी एकदम पडतं, आणि रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो. मोजे काढायला लावून पाय पाहिले का? शुगरचं लक्ष्य किती ठेवायचं यावर तो काय म्हणतो? तरुण, नव्या पेशंटसाठी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, साडेसहाच्या आसपास ठेवणं ठीक आहे. ६८ वर्षांचा माणूस, किडनी कमजोर, हृदयात स्टेंट, आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड चालू, त्याला साडेसहावर आणण्याचा हट्ट म्हणजे रात्री शुगर पडून बेशुद्ध होण्याला आमंत्रण. अशा पेशंटला साडेसात ते आठ बरं, असं आमच्यातले बहुतेक जण म्हणतील. एकादशी, नवरात्राचे उपवास बाबा करतात का, आणि त्या दिवशी ग्लिमेपिराइड घेतात का, हा प्रश्न डॉक्टरने स्वतःहून विचारला तर समजा की जागा बरोबर आहे.

एचबीए१सीबद्दल विदर्भातल्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांची ही सरासरी खोटीच कमी दिसू शकते. नुसता वाहक असला तरी काही मशीनवर आकडा गडबडतो. ॲनिमिया आणि किडनीच्या आजारातही या आकड्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. घरच्या मीटरवर दोनशेच्या वर शुगर आणि एचबीए१सी मात्र सुरेख, असं दिसलं तर लॅब बदलून पाहण्याआधी हिमोग्लोबिन पाहणारा डॉक्टर हवा.

आणि उन्हाळा. इथे जरा थांबतो, कारण पुण्या-मुंबईच्या पुस्तकी सल्ल्यात हा विषय नसतो. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं. घाम इतका जातो की बीपी आपोआप उतरतं, आणि हिवाळ्यात ठरलेला बीपीचा डोस जास्त व्हायला लागतो. त्यात लघवीची गोळी. दर उन्हाळ्यात आमच्याकडे असे पेशंट येतात: ‘डॉक्टरसाहेब, चक्कर येऊन राहिली, उभंच राहता येत नाही.’ क्रिएटिनिन पाहिलं तर दीडचं अडीच झालेलं. लग्नाच्या जेवणातून जुलाब लागले, दोन दिवस काही खाल्लं नाही, पण गोळ्या मात्र एकही चुकवली नाही, हा प्रकार तर ठरलेलाच. अशा दिवसांत मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, लघवीची गोळी, डॅपाग्लिफ्लोझिन असेल तर तेही, बरं वाटेपर्यंत थांबवावं लागतं. कोणत्या गोळ्या, किती दिवस, आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, हे पेशंटप्रमाणे ठरतं. म्हणून नव्या फिजिशियनला एक कागद मागा: उलटी, जुलाब, ताप किंवा उपाशी राहण्याच्या दिवशी काय थांबवायचं. तो कागद फ्रिजवर चिकटवा. जो डॉक्टर मार्च-एप्रिलमध्ये ‘उन्हाळ्याआधी एकदा येऊन जा’ म्हणतो, त्याला तुमच्या बाबांची किडनी कळली आहे. पुढे कधी इन्सुलिन सुरू झालं तर उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये ते अर्ध्या तासासाठीही ठेवू नका.

पैशांचं थोडं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरतीच्या उपचारांसाठी. ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्या खिशातूनच जातात. म्हणून ‘औषधांचं महिन्याचं बिल किती येतं?’ असं विचारणारा डॉक्टर मला आवडतो. गोळ्यांची मूळ नावं लिहून दिली तर जनऔषधी केंद्रातून बरीचशी स्वस्तात मिळतात. तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, त्याने आकड्यांची तुलना नीट होते. मात्र ती लॅब कोणती, हे डॉक्टरने हट्टाने ठरवू नये. कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दर भेटीला दोन पानभर तपासण्या लिहिल्या जात असतील तर ‘यातली कोणती आली की औषध बदलणार आहे?’ असं नम्रपणे विचारा. उत्तर देताना डॉक्टर चिडला, तर तेही उत्तरच आहे.

तुम्ही पुण्यात आहात, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. २०२० पासून टेलिमेडिसिनचे अधिकृत नियम आहेत आणि नेहमीच्या पेशंटचा फॉलोअप फोनवर किंवा व्हिडिओवर करता येतो. पहिली भेट मात्र समोरासमोरच. आणि घरातून बोलणारा माणूस एकच ठरवा. भाऊ, जावई, पुण्याचा मुलगा, अमेरिकेची मुलगी असे चौघे वेगवेगळ्या दिवशी फोन करतात तेव्हा डॉक्टरने कोणाला काय सांगितलं हे डॉक्टरलाही आठवत नाही. तपासायला जाताना आईंना आत घेऊन जायला सांगा. बाबा खुर्चीत बसल्याबरोबर ‘सगळं ठीक आहे साहेब’ म्हणणार. रात्री किती वेळा उठतात, जेवण कसं कमी झालंय, गोळ्या कोण मोजून देतं, गुडघ्याची गोळी ते चोरून रोज दोन घेतात की नाही, हे आईंनाच माहीत असतं. रविवारी सावजीच्या रश्शावर किती ताव मारला जातो, तेही.

राहिला तो संकोचाचा प्रश्न. ‘शुगरच्या डॉक्टरांकडे बारा वर्षं जातोय, त्यांना वाईट वाटेल’ असं तुम्ही लिहिलंय. कोणालाही सोडायचं नाहीये. नेफ्रॉलॉजिस्टकडे दर तीन-चार महिन्यांनी, कार्डिओलॉजिस्टकडे वर्षातून एक-दोनदा जायचंच आहे. फरक एवढाच करायचा की प्रत्येकाने सुचवलेला बदल आधी फिजिशियनकडे जाईल, आणि अंतिम यादी त्याच्याच कागदावर असेल. बाकीच्यांना हे सरळ सांगा आणि दर वेळी तो कागद दाखवा. बहुतेक डॉक्टरांना बरंच वाटतं, कारण चार जणांच्या गोळ्यांचा गोंधळ त्यांनाही दिसत असतो, फक्त दुसऱ्याच्या औषधाला हात लावायला कोणी धजत नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळची कागदपत्रं सापडत नसतील तर त्या हॉस्पिटलकडे लेखी मागा. भरती रुग्णांचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं, हे डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तुमची तीन वर्षं आताच भरत आली आहेत, म्हणून हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका.

नव्या डॉक्टरला सहा महिने द्या, मध्ये बदलू नका. या काळात शुगर थोडी वर-खाली होईल, एखादी गोळी काढल्यावर सूज किंवा बीपी पुन्हा डोकं वर काढेल, आणि तेव्हा लगेच दुसऱ्याकडे धावायचा मोह होईल. त्याऐवजी त्यालाच फोन करा. फोन कोण उचलतं, निरोप किती वेळात पोचतो आणि उत्तर देताना फाईल उघडली जाते की नुसतंच ‘बरं वाटेल’ म्हणून ठेवून देतात, यावरून सहा महिन्यांनी तिथेच राहायचं की नाही ते ठरवा.